घडी

गटाचा इतिहास छापायचाय म्हणतात. जाड कागद, सोनेरी कडा.
तरुण कॅप्टन आला होता खोलीवर, शारजात, रोल्लाच्या मागच्या गल्लीत.
खुर्ची एकच, ती त्याला दिली. मी खाटेवर.
जुन्या फायली दमट हवेनं खाल्ल्या, तो म्हणाला,
हुर्झुक चाचा, तुम्हाला आठवत असेल काही.

काही म्हणजे काय?
मला छत्र्या आठवतात.

पत्र्याची शेड होती. विमानं चार, त्यातलं एक कायम आजारी.
शिकाऊ पोरं बारा. कुणाचा बाप मासेमार, कुणाचा उंटवाला,
आणि शिकवायला प्रिडोसाहेब, गुडघ्यापर्यंत चड्डी,
रागावला की फार हळू बोलायचा.
मी बाणकोटहून आलेला, बाविशीचा, खिशात शिंपीकामाचा दाखला.
बापानं जन्मभर गलबतांची शिडं शिवली.
वाऱ्याला आत घ्यायचं, एवढंच काम, तो म्हणायचा.
माझ्याही वाट्याला तेच आलं,
फक्त उभ्याचं आडवं झालं.

लांब टेबल. अठ्ठावीस पाती, अठ्ठावीस दोर.
घडीवर घडी, तळहातानं हवा काढत,
मग पिशवी, मग पिन, मग लाल दोरा, मग कार्डावर सही.
साठ दिवसांनी सगळं उलगडायचं,
न वापरलेलं सगळं,
टांगून वाळवायचं, आणि पुन्हा.
ऑगस्टात घामाचा थेंब कापडावर पडू नये
म्हणून कपाळाला टॉवेल बांधून.

एकतीस वर्षं. उघडल्या तीनच.
पहिली खल्फानची, खाऱ्या दलदलीवर.
संध्याकाळी आला तो, एका पायात बूट नाही,
खजुराचा डबा टेबलावर ठेवला आणि बोललाच नाही.
दुसरा बोलतच सुटला, आठवडाभर.
तिसरा म्हणाला, मुलाला तुझं नाव ठेवतो. ठेवलं नाही.
असू दे. अब्बास काय, कुणीही ठेवील.

मत्तर आठवतो.
त्याचा आजा मोत्यांच्या होडीवरचा पाणबुड्या.
तळातून त्यानं दोर हिसकला की होडीवरचा माणूस त्याला वर ओढायचा.
मत्तर बक्कल लावता लावता विचारायचा,
मी ओढला की मात्र खाली जाणार, होय ना?
खालीच, बाबा. पण हळू.

त्याची छत्री माझ्या टेबलावर परत आली
घडी न मोडता.
पिन जागच्या जागी, लाल दोरा शाबूत,
कार्ड, माझी सही, तारीख बावीस दिवसांपूर्वीची.
चौकशीवाल्यांनी दोन वेळा तपासली.
कागदावर लिहून दिलं, दोष नाही.
मी ती उलगडली. दार लावून, एकट्यानं.
माझ्याच हातांच्या साबणाचा वास आला तिला.
साठ व्हायला अडतीस दिवस बाकी होते.

हे लिहू? कॅप्टननं विचारलं. पेन उघडंच होतं त्याचं.
मी म्हटलं, कमांडरांची यादी लिही, क्रमानं.
किती तास उडाले ते लिही.
प्रिडोसाहेबानंतर जॉर्डनचे मास्तर आले, मग कराचीचे,
मग इथलीच पोरं मास्तर झाली, तेही लिही, ते चांगलं झालं.
छत्र्यांचा आकडा पाहिजे तर सांगतो, तोंडपाठ आहे.
तो म्हणाला, एकच पान उरलंय.

ती जुनी धावपट्टी आता रस्ता आहे.
दोन्ही अंगांना बँका, मोबाइलची दुकानं, एक दाताचा डॉक्टर.
जेवण झालं की मी चालतो तिथं.
शहराच्या मधोमध इतका सरळ रस्ता कशाला,
नव्या माणसाला कळत नाही.
मी सांगत नाही. बस आली की बाजूला होतो.

कॅप्टन पेन विसरून गेला खाटेवर,
झाकण न लावलेलं. चादरीला शाई लागली.
दोनदा धुतली, गेली नाही.
गच्चीवर वाळवून आणली,
दोन कोपरे हनुवटीखाली धरले,
तळहातानं हवा काढली
आणि घडी घातली,
डाग आत राहील अशी.